उरलेल्या लाकडाचे नाना

स्मशानातून माणूस रिकाम्या हाताने परत येतो म्हणतात. आमच्या शेजारच्या नानांना तसं यायला भाग पाडावं लागलं होतं.

झालं असं, की कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ गेले. आमचे हे आणि नाना पोचवायला गेले. सरण रचणं चालू होतं, माणसं मान खाली घालून उभी होती, आणि नानांची नजर सरणाच्या खालच्या थरावर. हळूच यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, तो कडेचा तुकडा पाहा. शिसम शे. शिसम कोणी जाळतं का?" यांनी डोळे वटारले तसे नाना गप्प झाले. पण थोड्या वेळानं बघतात तर तो तुकडा नानांच्या बगलेत, आणि त्याच्या जागी नानांनी शोधून आणून ठेवलेला बाभळीचा ओंडका. फुकट काही घेतलं नव्हतं हो त्यांनी, बदली करून घेतला होता. मग चार जाणत्या माणसांनी समजावलं, की नाना, इथलं लाकूड घरी नेत नसतात. नानांनी तुकडा जागेवर ठेवला आणि हात जोडले. लोकांना वाटलं, मयताला जोडले. आमचे हे घरी येऊन अंघोळ करता करता मला न्हाणीतून सांगत होते, "मयताला नाही, शिसमाला जोडले."

हे नाना आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. मूळचे शिंदखेड्याकडचे, शेतकरी घरातले. जळगावात पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं आणि रिटायर झाले. रिटायर झाल्यावर कोणी भजनी मंडळात जातं, कोणी सकाळी बागेत जाऊन मोठ्यानं हसतं. नानांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि करवत, रंधा, पटाशी असं एकेक आणून सुतारकी मांडली. शेड खरं तर स्कूटरसाठी टाकली होती. स्कूटर अजून उन्हात उभी असते.

आता तुम्ही म्हणाल, छंद आहे, असतो एखाद्याला. पण नानांचा छंद सुतारकीचा नाहीच मुळी. सुतारकी हे निमित्त. नानांचा जीव आहे तो काम झाल्यावर जे उरतं त्याच्यात. नवी कोरी फळी आणून दिली तर ते तिच्याकडे नवख्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. ती कापली आणि वीतभर तुकडा उरला, की त्यांचा चेहरा खुलतो. तो तुकडा उचलतील, बोटाच्या पेरानं वाजवतील, नाकाशी नेऊन वास घेतील आणि म्हणतील, "कामले यी."

कामले यी म्हणजे कामाला येईल. आमच्या अहिराणीतले हे दोन शब्द, पण नानांचं सगळं शास्त्र त्यांच्यात आहे. कधी येईल, कुठल्या कामाला येईल, हे विचारायचं नाही. विचारलं तर म्हणतात, "वहिनी, ते त्या तुकड्याला ठाऊक."

शेडमध्ये ठेवण्याची रीत मात्र बघण्यासारखी. कारखान्यातून टाकून दिलेले पाइपचे लांब लांब तुकडे त्यांनी भिंतीशी उभे बांधलेत, त्यांच्यात लांब पट्ट्या, जशा भात्यात बाण. आखूड तुकडे तेलाच्या डब्यांत. त्याहून बारीक ते अक्कांच्या पापडाच्या डब्यांत, म्हणजे अक्कांचे पापड कुठे ते विचारू नका. डब्यांना नावं आहेत. एक 'कामाचे', एक 'पुढे कामाचे', आणि एक मोठा डबा, त्याच्यावर खडूनं लिहिलंय 'सांगता येत नाही'. आणखी एक डबा 'टाकाऊ' म्हणून ठेवला होता. तो इतकी वर्षं रिकामाच राहिला, तेव्हा अक्कांनी त्याच्यात लसूण भरला.

अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. बुटक्या, तरतरीत, आणि जिभेला धार अशी की नानांच्या पटाशीला नाही. दोघं घरात अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलतात. एकदा मला म्हणाल्या, "मी गेली ना वहिनी, तर हे माले बी जाळू देणार नही. चार माणसं आली उचलायला, तर म्हनतीन, ऱ्हाऊ द्या, कामले यी."

नाना आतून ऐकत होते. म्हणाले, "तुझं लाकूड कडक शे. रंधा चालणार नाही."

मी एकदाच त्या शेडमधून काही मागायला गेले. थंडीचे दिवस, आमच्याकडे अजून अंघोळीच्या पाण्याला बंब आहे, आणि जळण संपलं होतं. म्हटलं, नाना, टोपलीभर बारीकसारीक द्या. नाना मनाचे मोठे. लगेच टोपली भरली. मग म्हणाले, थांबा वहिनी, हा एक राहू द्या, हा आपल्या शिरपूरच्या आत्याच्या दाराचा आहे. तो काढला. मग त्याच्याखालचा सागाचा काढला, कारण सागाला बंबात घालणं म्हणजे पाप. मग हलदूचा काढला, कारण तो मऊ असतो. अशी टोपली उपसत उपसत तळाला आली, आणि तळाला होता आमच्याच टोपलीत आधीपासून पडलेला कडूनिंबाचा एक तुकडा. नानांनी तो वाजवला, वास घेतला. आता काय बोलायचं. टोपली भरून आणायला गेले होते, माझंच एक लाकूड देऊन आले.

असं नका समजू, की ते तुकडे वापरत नाहीत. वापरतात, आणि तेच खरं संकट. कॉलनीत असं घर नाही जिथं नानांचा तुकडा नाही. कोणाचं टेबल डुगडुगलं, कोणाच्या खिडकीला फट पडली, की नाना हजर. आमचं मागचं दार पावसाळ्यात नीट लागत नव्हतं, खाली कोपऱ्यात लाकूड कुजून बोटभर भोक झालं होतं. नाना आले, बसले, बघितलं, शेडमध्ये जाऊन तुकडा घेऊन आले. तुकडा भोकापेक्षा मोठा. मी म्हटलं, कापा की थोडा. नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी पोराचा कान कापा म्हटलं.

"कापला की एकाचे दोन होतात वहिनी. असे कापत बसलो तर कमी कधी होतील?"

आणि त्यांनी पटाशी घेऊन आमचं दार कोरलं. तुकडा होता तसा ठेवला, भोक मोठं केलं. आता आमच्या दाराला खाली पंजाएवढं ठिगळ आहे. दार लागतं मात्र छान, खोटं कशाला बोलू.

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, साडी, आणि ती चौरंगावर बसणार म्हटलं की गावोगाव पांगलेले भाऊबंद एका घरी गोळा होतात. प्रसादाचे रोट करतात, भाऊबंदांतच खातात, आणि त्याच्याआधी घर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धुऊन काढतात. नानांच्या घरी दर वर्षी अक्का ठणकावायच्या, या कानबाईला ती शेड रिकामी झाली पाहिजे. नाना लगेच हो म्हणायचे. सगळे तुकडे अंगणात काढायचे, एकेक फडक्यानं पुसायचे, ऊन दाखवायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळे परत आत. मधल्या वेळात कोणी ये-जा करणाऱ्यानं आपल्या घरचा एखादा आणून दिला असेल तर तोही.

अक्का म्हणायच्या, "यांनी शेड साफ केली म्हणजे लाकडं वाढली समजायचं."

हे सगळं असं हसत-बोलत चालू होतं, तोवर अक्कांचे डोळे बिघडले.

आधी कोणाला कळलं नाही. अक्कांनी कळू दिलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, चौकटीला खांदा लागायला लागला, समोरून हाक मारली तर बघायच्या पण बाजूनं कोणी आलं तर दचकायच्या. मी एकदा टोकलं तर म्हणाल्या, "चष्मा जुना झालाय." शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. कडेचं दिसायचं गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, तेही धूसर.

आणि मग उन्हाळ्यात एका दुपारी अक्का स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाताना पडल्या. पायाखाली गोल काहीतरी आलं. बाभळीचा तुकडा होता तो, शेडमधून घरंगळत बोळीत आलेला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

पुण्याहून मुलगा आला, प्रशांत. हा मुलगा गुणी आहे, उगाच त्याला नावं ठेवणार नाही मी. इंजिनिअर आहे, शांत बोलतो. आईचं प्लास्टर झालं, तिला घरी आणली, आणि मग त्यानं वडिलांना समोर बसवलं. मी अक्कांजवळ होते, म्हणून ऐकलं.

"बाबा, आईला मी पुण्याला नेतो. तुम्हीही चला."

अक्का खाटेवरून म्हणाल्या, "माले कोठेच जानं नही. आठे माले मिठाचा डबा हाताला सापडस. तठे सातव्या मजल्यावर मी काय चाचपू?"

"इथं पायरी आहे, न्हाणीला उंबरा आहे, बोळीत अंधार आहे. आणि बाबांचा पसारा." प्रशांत आवाज न चढवता बोलत होता. "आज मनगट मोडलं. उद्या खुबा मोडला तर? बाबा दिवसभर शेडमध्ये असतात, त्यांना हाक ऐकू जात नाही."

नानांनी तो बाभळीचा तुकडा उचलला, पण वाजवला नाही, वास घेतला नाही. एरवी दोन शब्द तरी तयार असायचे त्यांच्याकडे.

प्रशांत शेवटी म्हणाला, "मी कानबाईला येतो. तोवर घर असं करा, की आई एकटी सगळीकडे हिंडू शकेल. झालं तर ठीक, मी काही म्हणणार नाही. नाहीतर कानबाई उठली की आईला घेऊन जाईन."

प्रशांत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या दारात उभे. म्हणाले, "वहिनी, टोपली आणा. मोठी आणा. सगळं घेऊन जा बंबाला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दाढी वाढलेली, हातात तो बाभळीचा तुकडा. त्यांच्या मागोमाग शेडपर्यंत गेले, तर डबे अंगणात उपडे केलेले, भिंतीचे पाइप रिकामे. 'सांगता येत नाही' तसाच पालथा पडलेला. माणसानं घरातलं सामान रस्त्यावर काढावं तसं दिसत होतं. मला टोपली उचलवेना.

तेवढ्यात अक्का, गळ्यात हात बांधलेला, भिंत धरून मागच्या दारात आल्या.

"काय चाललंय हो?"

"देऊन टाकतोय."

"कसाले?"

"तुझ्या पायात आलं."

दिसत तर नव्हतं अक्कांना फार, पण आवाजावरून ओळखलं असणार, माणूस कुठवर आलाय ते. मग त्यांच्या नेहमीच्या तिरकस सुरात म्हणाल्या, "पायात येतं तर हातात येईल असं काही करा. एवढी वर्षं घर भरलंत, एक तुकडा तरी मना कामले आला का?"

नाना तिथंच अंगणात, तुकड्यांच्या मधोमध बसले. मला वाटलं आता रडतात का काय. पण त्यांनी हळूहळू एकेक तुकडा उचलून बाजूला मांडायला सुरुवात केली. लांब ते इकडे, आखूड ते तिकडे. मी टोपली घेऊन घरी आले.

मग जे सुरू झालं, त्यानं कॉलनीला झोप नाही. नाना कठडा करायला लागले. अक्कांच्या खोलीपासून बोळीतून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून देवापर्यंत, देवापासून स्वयंपाकघरापर्यंत, भिंतीला हाताशी येईल असा. अख्खा उरलेल्या तुकड्यांचा, एकाला एक सांधून. नवी पट्टी बाजारातून आणली असती तर काम चार दिवसांचं होतं. पण नवं लाकूड आणतील ते नाना कसले.

अडचणी निघायला लागल्या. पहिली, उंची. अक्का नानांच्या खांद्याला लागतात, आणि प्लास्टर घातलेल्या बाईला सारखं उभं कसं करायचं. माझी उंची अक्कांएवढी. झालं, मी माप झाले. पोळीला तवा तापवला, की भिंतीपलीकडून हाक, "वहिनी, जरा उभं राहून जा." मी जायचे, कणकेच्या हातानं भिंतीशी उभी राहायचे, नाना खडूनं खूण करायचे. अजून त्यांच्या बोळीत माझ्या कणकेची बोटं आहेत.

दुसरी अडचण, तुकडा कापायचा नाही. त्यामुळे कठडा सरळ जाईना. मध्येच जाडा व्हायचा, मध्येच बारीक. आमचे हे बघून आले आणि म्हणाले, "रेल्वेच्या डब्यांसारखं दिसतंय, मालगाडीच्या." नानांना ते लागलं नाही. ते भलत्याच कामात होते. त्यांनी अक्कांचा स्कार्फ स्वतःच्या डोळ्यांना बांधला होता आणि घरभर हिंडत होते. एकदा असेच हिंडता हिंडता मागच्या दारानं बाहेर पडले आणि आमच्या ओट्यावर पेपर वाचणाऱ्या यांच्या मांडीवर येऊन बसले. हे म्हणाले, "नाना, इथं कठडा नाही बसवलेला." नानांनी स्कार्फ काढला, म्हणाले, "बरोबर. दोन पावलं आधी खूण पाहिजे."

तेव्हा मला कळलं, काय करतायत ते. जिथं पायरी, तिथं आधी खरबरीत बाभूळ, हाताला टोचेल न टोचेल अशी. न्हाणीच्या उंबऱ्याआधी तीन खाचा. बोळीत लांबच्या लांब गुळगुळीत साग, म्हणजे बिनधास्त चाला. देवाजवळ एक गोल गुंडी. डोळे मिटून हात फिरवला, की घर कळत होतं. अक्का मात्र कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. रोज संध्याकाळी झालं तेवढं चाचपून बघायच्या आणि खोड काढायच्या. "आठे कुसळ लागतं." नाना परत घासायला बसायचे. "हा फारच गुळगुळीत शे, हात सटकतो." परत खाचा पाडायचे. प्लास्टर निघालं तेव्हा अक्का जेवढ्या जागेतून हिंडत होत्या, तेवढ्यात भिंतीला खांदा लागणं बंद झालं होतं.

कानबाई आली. भाऊबंद आले, शिंदखेड्याहून नानांचे चुलतभाऊ आले, घर माणसांनी गजबजलं. चुलतभावानं आल्या आल्या कठड्यावर ओला टॉवेल वाळत घातला. नाना एवढे शांत, पण तो टॉवेल त्यांनी असा ओढून काढला की भाऊ जेवेपर्यंत बोलला नाही. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, म्हणून मी दर्शनाला तेवढी गेले, पण जीव काही दर्शनात नव्हता. प्रशांत आला होता ना.

प्रशांतनं आल्या आल्या काही विचारलं नाही. कानबाईला हात जोडले आणि मग बोळीत जाऊन कठड्याला लोंबकळला. अक्षरशः सगळा भार टाकून. कठडा करकरलाही नाही. मग डोळे मिटून खोलीपासून न्हाणीपर्यंत गेला, बाभळीजवळ थांबला, पाऊल उचललं, पायरी चढला. परत आला. मग म्हणाला, "आई, तू चाल."

बायका गाणी म्हणत होत्या, त्या थांबल्या. अक्का उठल्या, उजवा हात कठड्यावर, आणि चालल्या. न्हाणीपर्यंत, देवापर्यंत, स्वयंपाकघरात. मिठाचा डबा उचलून दाखवला आणि ठेवला. नाना भिंतीला टेकून उभे.

मग अक्का स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आल्या आणि थांबल्या. दाराबाहेर अंगण, आणि अंगणापलीकडे कडूनिंबाखालचा ओटा. संध्याकाळचा चहा दोघं तिथं बसून घेतात. दारापासून ओट्यापर्यंत चार पावलं असतील. तिथं कठडा नव्हता.

प्रशांतनं ते बघितलं. "बाबा, एवढंच का सोडलं?"

नाना म्हणाले, "लाकूड संपलं."

शेडचं दार सताड उघडं होतं. आत भिंतीच्या पाइपांमधून पट्ट्या डोकावत होत्या, डबे काठोकाठ भरलेले, दारात चुलतभावानं शिंदखेड्याहून आणलेली चिंचेच्या लाकडाची अख्खी मोळी. प्रशांतनं शेडकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "दिवाळीला येतो मी. तेव्हा न्हाणीतली फरशी बदलून टाकू, ती निसरडी आहे." आणि आत पाहुण्यांत जाऊन बसला.

अक्कांनी दारात उभं राहून उजवा हात पुढे केला, नुसता हवेत. नाना पुढे झाले आणि त्या हाताखाली त्यांनी आपला हात धरला. दोघं ओट्याकडे निघाले. नानांचं पाऊल जरा अडखळत होतं.

अक्का म्हणाल्या, "नीट चाला. कठडा हालतोय."